कुणाकडे बघून हसू नका

गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. दर वर्षी आमचं मंडळ एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतं. मी कोपऱ्यात नाटकाची संहिता मांडीवर घेऊन प्रॉम्प्टिंगला बसले होते. दुसरा प्रवेश अर्ध्यावर आला असताना पर्समधला फोन थरथरला. मोहनचा फोन होता, राजीअक्काच्या मुलाचा. "आंटी, अम्मा गेली. सकाळी... झोपेतच," तो त्याच्या स्वच्छ अमेरिकन इंग्रजीत म्हणाला. मी म्हटलं, "बरं." नुसतं बरं! समोर एक नट वाक्य विसरून माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि मला ते वाक्य पानावर सापडेना. शेवटी कुणीतरी येऊन माझ्या हातातून संहिता काढून घेतली.

याला आता महिना होऊन गेला. राजेश्वरी हे तिचं पूर्ण नाव. श्रीलंकेतली तमिळ, बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर एका मोठ्या खाजणाकाठचं तिचं गाव. त्या खाजणात पौर्णिमेला मासे गातात, असं ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची आणि आपण हसलो की रुसायची. मी बेळगावची, त्यामुळे कानडीतला 'अक्का' माझ्या तोंडी लहानपणापासून होता. तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात हे कळलं त्या दिवसापासून ती माझी राजीअक्का झाली. आमचं बोलणं सगळं इंग्रजीतून चालायचं. तिला हिंदीचा गंध नव्हता, मला तमिळचा. पण इतक्या वर्षांनी मला तिची वाक्यं मराठीतच आठवतात, म्हणून तशीच लिहिते आहे.

शहाऐंशी साली अनिलला, माझ्या नवऱ्याला, हर्नडनला नोकरी लागली आणि आम्ही व्हर्जिनियात आलो. विमानतळाजवळचं तेव्हाचं ते अगदी लहान गाव. एकाला एक चिकटून असलेल्या घरांच्या रांगेत आमचं घर, आणि भिंतीपलीकडे राजीअक्का, तिचा नवरा चंद्रन आणि पाळण्यातला मोहन. चंद्रन एका कंपनीत हिशेब तपासणीस होते, मितभाषी, पण पुस्तकांवर आणि क्रिकेटवर अनिलशी तासन्‌तास बोलायचे. मला गाडी चालवायला अक्काने शिकवलं. रविवार सोडला तर चर्चचं पार्किंग रिकामं असायचं, तिथे ती मोहनला मागच्या सीटवर बांधून मला फेऱ्या मारायला लावायची. "ब्रेक कशाला दाबतेस? समोर कोण आहे?" "कुणी नाही." "मग?" मग काय... मी ब्रेकवरचा पाय काढायचे. त्या दिवसांत ती कशालाच घाबरत नव्हती. हे मुद्दाम लिहायला हवं, कारण नंतर तिला ओळखणाऱ्यांना ते खरं वाटत नाही.

श्रीलंकेत सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात काही वर्षं युद्ध चाललं होतं. पुढच्या उन्हाळ्यात भारत आणि श्रीलंका सरकारांचा करार झाला आणि आपलं सैन्य त्या बेटावर उतरलं, शांतता राखायला. त्या संध्याकाळी अक्का पायसमचं, म्हणजे खिरीचं, पातेलं घेऊन आमच्या दारात उभी होती. "तुमचे लोक आले, वसू! आता संपलं सगळं." तिच्या गावात आपल्या जवानांना लोकांनी हार घातले होते. चंद्रनसुद्धा त्या दिवशी मोठ्याने हसले. आणि पावसाळा सरतो न सरतो तोच ज्या तमिळांना संरक्षण द्यायला सैन्य गेलं होतं, त्यांच्यातल्याच बंडखोरांशी लढाई जुंपली. अक्काकडे त्या बंडखोरांना सगळे 'पोरं' म्हणत. कौतुकानेही पोरं आणि भीतीनेही पोरंच. कारण ती खरोखरच कुणाची ना कुणाची पोरं होती.

त्याच सुमारास बेळगावहून आईचा फोन आला. माझा धाकटा भाऊ सतीश सैन्यात कॅप्टन होता. त्याच्या तुकडीला हुकूम आला होता. "कुठे ते सांगत नाहीत गं," आई म्हणाली, "पण मद्रासहून पुढे जायचंय म्हणतो." मी फोन ठेवला आणि तशीच शेजारी गेले. अक्का मोहनला भरवत होती. मी दारातूनच म्हटलं, "अक्का, माझा भाऊ तिकडे चाललाय." तिने चमचा वाटीत ठेवला.  मग म्हणाली, "माझाही धाकटा भाऊ तिकडे आहे."  मोहन तोंड उघडं ठेवून घासाची वाट बघत होता...

तिचा तो भाऊ आमच्या बोलण्यात कायम 'तंबी' म्हणूनच असायचा. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. गावातल्या सरकारी शाळेत तो हेडमास्तर होता. त्याचं खरं नाव तिने कधी उच्चारलं नाही. एकदा मी सहज विचारलं तर म्हणाली, "नको वसू. नाव माहीत असलं की तोंडातून जातं." इथे, तेरा-चौदा हजार किलोमीटरवर, व्हर्जिनियातल्या एका स्वयंपाकघरात कोण ऐकणार होतं? पण भीतीला अंतर कळत नाही, हे मला तेव्हा कळू लागलं. चंद्रन आमच्याशी बोलेनासे झाले होते. भांडण नव्हतं. अनिल समोर आला की ते मान हलवायचे आणि गाडीची किल्ली शोधू लागायचे. त्यांच्या गावाकडून येणाऱ्या बातम्यांत आता आपले जवान हार घालून घेणारे उरले नव्हते. तपासणी, जमावबंदी, झडत्या... दोन्हीकडून माणसं मरत होती, आणि आमच्या दोन घरांच्या मधे प्लास्टरची एक पातळ भिंत होती.

पातळ म्हणजे इतकी, की पलीकडचा फोन वाजला की मी दचकायचे. माझा वाजला की ती. कुणाचा वाजला हे कळेपर्यंत दोघींच्याही हातातलं काम थांबलेलं असायचं. अक्काने तेव्हा एक नवीनच सुरू केलं होतं. चंद्रन कामावर गेले की ती व्हॅक्युम क्लीनर लावायची. एकदा झालेला गालिचा पुन्हा, मग पुन्हा. फोन वाजत नाही हे ऐकू येऊ नये म्हणून. पण दर थोड्या वेळाने यंत्र एकदम बंद व्हायचं. तिला वाटायचं, वाजला. मग शांतता, आणि परत ती घरघर. भिंतीच्या अलीकडे मी पोळ्या लाटत उभी असायचे आणि ती घरघर थांबली की माझं लाटणंही थांबायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्या भागात निवडणूक जाहीर झाली. प्रांताला स्वतःचं विधिमंडळ मिळणार, करारातलं ते मोठं आश्वासन होतं. परक्या देशाचं सैन्य रस्त्यावर, रानात बंडखोर, आणि अशात मतपेट्या. पोरांनी फर्मान काढलं की जो मत देईल, जो उभा राहील, जो या कामाला हात लावेल तो गद्दार. आणि सैन्याला तर मतदान झालेलं हवंच होतं. आमच्या घरी त्यावर एकच संध्याकाळ बोलणं झालं. अनिल म्हणाला, "काही का असेना, निवडणूक होतेय हे चांगलंच ना?" चंद्रन बऱ्याच महिन्यांनी आमच्या सोफ्यावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "अनिल, दाराशी एक बंदूकवाला 'जा' म्हणतो आणि कुंपणाशी दुसरा 'गेलास तर बघ' म्हणतो, तेव्हा मत कुणाला द्यायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही." चहा तसाच टाकून ते उठले.

मग कोलंबोच्या मामांचा फोन आला. अक्काच्या गावचे फोन बंदच असत. निरोप यायचा तो या मामांमार्फत. तंबीला निवडणुकीची ड्युटी लागली होती. त्याच्याच शाळेत मतदान केंद्र, आणि केंद्रप्रमुख तो. माझे वडील बेळगावात मास्तर होते. निवडणूक ड्युटी म्हणजे काय ते मी लहानपणी पाहिलं होतं. बोटाला लावायची शाई, लाखेचा वास, घरी येऊन पाय शेकत बसणारे अण्णा. त्याच कामाने एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. अक्काने मामांना निरोप दिला, "त्याला सांगा, आजारी पड. पाय मोडून घे. पण जाऊ नकोस." चार-सहा दिवसांनी उत्तर आलं. तंबी जाणार होता. तो नाही गेला तर शाळेत नव्यानेच लागलेल्या एका तरुण बाईंना पाठवणार होते, आणि त्या पोटुशी होत्या. "मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," अक्का म्हणाली. "आता तो जाणारच. मला 'नाही' म्हणून जाणार आणि मनात माझं सांगणं घेऊन जाणार."

मी म्हटलं, "अक्का, सतीशला कळवूया का? तो त्याच भागात असेल तर लक्ष ठेवील." ती ताडकन उठली. मी तिला इतकं संतापलेलं कधीच पाहिलं नव्हतं. "लक्ष ठेवील? कसं ठेवील? शाळेशी जीप थांबवून? वसू, तुझा भाऊ माझ्या भावाला नुसता ओळखतो असं गावात कळलं तरी तो संपला!" आणि मग खुर्चीवर बसून ती हुंदके देऊन रडली. मदत हीच जिथे मारते, तिथे माणसाने करायचं काय... मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.  सतीशची जीपही त्याच रस्त्यांवरून जात होती. त्या रस्त्यांत सुरुंग होते.

मतदानाच्या आधीच्या एका रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. अक्का माझ्याकडेच बसली होती. सतीशच होता! छोटी रजा संपवून परत जाताना तो मद्रासहून बोलत होता. आवाज लांबचा, मधे खरखर. "ताई, मी ठीक आहे. आईला सांग जेवतो वेळेवर. इथे आता इलेक्शनचं काम लागलंय. शाळा-शाळांतून बंदोबस्त..." मी हो हो म्हणत होते आणि अक्काकडे बघत होते. तिने हात पुढे केला. मी सतीशला म्हटलं, "माझ्या शेजारच्या राजीअक्का तुझ्याशी बोलतायत. तिकडच्याच आहेत."  मग तो जपून म्हणाला, "दे."

अक्काने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. तिने त्याला गाव विचारलं नाही, तुकडी विचारली नाही, भावाचं नाव सांगितलं नाही. ती म्हणाली, "कॅप्टन, मी तुमच्या बहिणीसारखी आहे. एक मागते. मतदानाच्या दिवशी कुठल्याही शाळेत कुठलाही मास्तर दिसला, तर त्याच्याकडे बघून हसू नका. हात मिळवू नका. त्याने पाणी दिलं तर घेऊ नका. तुम्ही स्वभावाने चांगले असाल... वसू सांगते, फार चांगले आहात. पण त्या दिवशी नका चांगलं वागू. लोक बघत असतात." तिचा आवाज अजिबात हलला नाही. पलीकडून सतीश काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिने मान डोलावली, "देव तुमचं रक्षण करो," म्हणाली, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला तेव्हा लाइन तुटलेली होती. माझा सतीश म्हणजे अनोळखी माणसालाही हात करणारा मुलगा. बेळगावात दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी हसून बोलल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही.

मतदानाचा दिवस आमच्याकडे उजाडला तेव्हा तिकडे संध्याकाळ झाली होती. म्हणजे जे व्हायचं ते होऊन चुकलं होतं, फक्त आम्हाला कळायचं होतं. मी मीनलला, माझ्या मुलीला, बालवाडीत सोडून थेट अक्काकडे गेले. चंद्रननी कामावर कळवून सुट्टी घेतली होती. आम्ही तिघं फोनभोवती बसलो. रेडिओवर त्या बेटाचं नावही निघालं नाही. दुपारी मामांचा फोन आला. तंबी घरी पोचला होता. मतपेट्या गेल्या होत्या. त्या भागात बरेच लोक मतदानाला आलेही होते. अक्काने जमिनीवर डोकं टेकलं. चंद्रन उठून आत गेले आणि नळ सोडल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या भावाचं काही कळलं?" एका वर्षात त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. सतीशही सुखरूप असल्याचं दोन दिवसांनी आईने कळवलं.

पण एक निवडणूक सरली की दुसरी उभी होती. महिन्याभरात राष्ट्राध्यक्षाची, आणि शाळा तीच, केंद्रप्रमुख तोच. या वेळी अक्काने निरोप पाठवलाच नाही. त्याही दिवशी तो घरी पोचला. आम्हाला वाटलं, सुटला.

नवं वर्ष लागलं होतं. बाहेर बर्फ पडून गेला होता आणि शाळा बंद म्हणून मीनल घरीच होती. सकाळी पलीकडची घरघर थांबली. मी थांबले. ती परत सुरू झाली नाही. बराच वेळ झाला तरी झाली नाही. मीनल म्हणाली, "आई, व्हाय आर यू स्टँडिंग लाइक दॅट?" मी तिला तशीच कडेवर घेतली आणि बर्फातून चपलांवरच शेजारी गेले. दार चंद्रननी उघडलं. ते दारात उभे होते आणि बाजूला होत नव्हते. मी कोण होते त्या क्षणी? शेजारीण, की त्या सैन्यातल्या माणसाची बहीण? मला खरोखरच कळेना. मग आतून अक्काचा आवाज आला, "वसू आहे का? येऊ दे तिला." चंद्रननी मीनलला माझ्याकडून घेतलं आणि वाट दिली.

तंबीकडे सायकलवरून दोघं जण आले होते. जरा बोलायचंय म्हणून त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या कुंपणाशी सापडला. कोण होते ते, पोरं होती की पोरांच्या विरोधातली दुसरी कुठली टोळी, मामांनी सांगितलं नाही आणि अक्काने विचारलं नाही. तिने देवघरात त्याचा फोटो ठेवला होता. चष्मा लावलेला, कपाळ मोठं, अगदी अक्कासारखी हनुवटी. फोटोखाली तमिळमध्ये काही लिहिलं होतं. मी बघत होते तेव्हा तिने त्यावर बोट ठेवून मला ते वाचून दाखवलं. त्याचं नाव. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिने इतकं जपलेलं ते नाव आज इतक्या वर्षांनंतरही मला इथे लिहवत नाही. मग तिने विचारलं, "सतीश कसा आहे?" मला रडू आवरेना. ती मात्र रडत नव्हती. "सांग ना. कसा आहे?"

त्यानंतरचे काही महिने ती कुणाशीच फार बोलली नाही. मी रोज जायचे. कधी भात टाकायचे, कधी मोहनला घेऊन बाहेर खेळायला जायचे. आणि माझ्या मनात सतत एक भीती असायची, की आता सतीशचं काही झालं तर मी कुणाकडे जाऊ, आणि नाही झालं तर अक्काच्या समोर कशी उभी राहू. नव्वदच्या वसंतात आपलं सैन्य परत आलं. सतीश परत आला. ती बातमी मी तिला सांगावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तीच आली. चंद्रननी पेपरात वाचलं होतं. "आला का?" "आला." ती माझ्या ओट्याशी उभी राहिली, पंचा घेतला आणि माझी भांडी पुसू लागली. सगळी पुसून झाल्यावर म्हणाली, "एक तरी आला."

सतीश अमेरिकेत आला तो बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर. तोवर आम्ही थोड्या अंतरावर दुसरं घर घेतलं होतं. तिला भेटायचं म्हटल्यावर तो आदल्या दिवसापासून अस्वस्थ होता. अक्काने इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि माशाचं कालवण केलं होतं, स्वतः वाढलं. चंद्रननी त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारल्या. जेवण झाल्यावर सतीशनेच विषय काढला. "अक्का, त्या दिवशी मी शाळा-शाळांतून फिरलो. एका ठिकाणी एक मास्तर होते. फार दमलेले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी घेतली नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते काय विचार करत असतील असं वाटत राहिलं... ते तेच होते का, मला माहीत नाही. पण मी कुणाकडेच बघून हसलो नाही त्या दिवशी. दिवसभर."  अक्काने त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं. तो जेवलेला होता, तरी त्याने ते खाल्लं.

अक्का इथली नागरिक झाली आणि तिला मताचा हक्क मिळाला. पण आमच्याकडे मतदान शाळांमधूनच होतं, आणि मतदानाच्या दिवशी शाळेत पाऊल टाकणं तिला जमेना. एकदा मी तिला घेऊन गेले होते. दारातली कमान, झेंडे, हसून स्वागत करणाऱ्या म्हाताऱ्या बायका... ती गाडीतून उतरलीच नाही. तेव्हापासून ती टपालाने मत द्यायची. त्यासाठी आधी कारण कळवावं लागे. ती आजारपण लिहायची, कारण खरं कारण लिहायला त्या कागदावर चौकट नव्हती. पाकिटावर साक्षीदाराची सही लागायची. ती दर वर्षी माझ्याकडे यायची, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसायची, आणि मला खुर्ची खिडकीकडे फिरवायला लावायची. चंद्रन हयात असताना त्यांनाही बाहेर बसवायची. तिने कुणाला मत दिलं हे मला एकदाही कळलं नाही. पाठीमागे पेन कागदावर टेकल्याचा आवाज यायचा, पुष्कळ वेळ काहीच यायचा नाही, मग पाकीट चिकटवल्याचा आवाज. मग ती म्हणायची, "आता बघ," आणि मी सही करायचे.

अलीकडे ती सहीची अट गेली. गेल्या ऑक्टोबरमध्ये ती वॉकर घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "अक्का, आता साक्षीदार लागत नाही." "माहीत आहे," ती म्हणाली. "तू बस." मी खुर्ची फिरवली आणि बसले. बाहेर शेजारचा माणूस पानं गोळा करत होता.

मी स्वतः नेहमी शाळेत जाऊन मत देते. या वर्षी मी मतपत्रिका टपालाने मागवली. काल ती आली. संध्याकाळी टेबलावर उघडून बसले आणि कितीतरी वेळ पेन हातात धरूनच राहिले. अनिल समोर पेपर वाचत होता. मी त्याला म्हटलं, "तू जरा तिकडे तोंड करून बसतोस?" त्याने माझ्याकडे पाहिलं. पेपर घडी करून ठेवला, खुर्ची उचलून खिडकीकडे फिरवली, आणि माझ्याकडे पाठ करून शांत बसून राहिला.